सांता एउफेमियाच्या पालखीवरील फोन नंबर

मिन्यो नदीच्या पोर्तुगीज तीरावरून,
१९ सप्टेंबर

नदीपलीकडे स्पेनमध्ये राहणारे आदरणीय थोरले बंधू एलादियो फोंताओं यांस धाकटा बाल्तझार याचा नमस्कार.

आपली व रेमेदियोस वहिनींची प्रकृती ठीक असावी अशी आशा करतो. माझी विचाराल तर एक्याऐंशीव्या वर्षी माणसाने जितके बरे असणे शोभते तितका मी बरा आहे. आपण दोघे अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नाही, हे मी विसरलेलो नाही. परंतु पत्र लिहिणे म्हणजे बोलणे नव्हे, असे मी दोन दिवस विचार करून ठरविले आहे. (माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, तरी या पत्रात चूक सापडल्यास ती शाईची समजावी.)

अबोल्याचे कारण उगाळण्याची माझी इच्छा नाही, म्हणून एकदाच उगाळतो. भाचीच्या लग्नाचे जेवण माझ्याकडून होते. नोटांचे पाकीट माझ्या खिशात तयार होते. आपण "हात धुऊन येतो" म्हणून उठलात आणि ते चकाकणारे कार्ड वेटरच्या हाती देऊन सबंध बिल चुकते करून आलात. यजमान मी, आणि बिल दिले पाहुण्याने, तेही समुद्रापलीकडच्या कंपनीच्या कार्डाने! (वासराचे मांस करपलेले होते, हे आपणही मान्य कराल. त्या करपलेल्या मांसाचे बिलसुद्धा माझेच होते.) त्या कंपन्यांना मी यापुढे हात लावणार नाही, अशी मी तेथेच शपथ घेतली.

शपथ घेणे सोपे असते, बंधू. पुढे एके दिवशी दिसले की माझ्या स्वतःच्या बँकेच्या कार्डावरसुद्धा आमच्या देशातील बँकांच्या चिन्हाशेजारी त्याच कंपनीचे चिन्ह छापलेले आहे. मी ते बूच कापण्याच्या सुरीने खरवडून काढले. काम स्वच्छ झाले होते. पण भिंतीतल्या यंत्राने कार्ड गिळले ते परत दिले नाही. बँकेतील मुलगी म्हणाली, "आजोबा, आजवर लोकांनी कार्ड हरवलेलं पाहिलंय, सोललेलं पहिल्यांदाच पाहिलं." मी तिला सांगितले की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्वाला नवीन कार्डाचे आठ युरो पडतील.

यंदा आमच्या गावची रक्षक संत सांता एउफेमिया हिच्या उत्सवाचे प्रमुखपद माझ्याकडे आले. हल्लीच्या लोकांच्या खिशात नोटा नसतात, त्यामुळे पालखीच्या फितीला टाचणीने नोट लावण्याची रीत आटत चालली आहे. पाद्री अबिलियो म्हणाले, कार्डाचे यंत्र घेऊ. मी म्हणालो, सांताच्या दक्षिणेवर परदेशी दलाली माझ्या हयातीत बसणार नाही. तेव्हा औषधाच्या दुकानातील ओतिलियाने सुचविले की आपल्या बँकांची फोनवरून पैसे घेण्याची सोय आहेच, आणि आता ती स्पेनच्या सोयीशी जोडली गेली आहे. नदीपलीकडचा माणूसही मधल्या कोणाला न विचारता पैसे पाठवू शकतो. मी फोन विकत घेतला. "युरोपच्या बँका, युरोपचे पैसे," ओतिलिया म्हणाली, "फक्त हा फोन कुठला ते विचारू नका, बाल्तझारकाका." मी विचारले. तिने सांगितले. मी अर्धा तास फोन टेबलावर उपडा ठेवला.

मला कमी ऐकू येते म्हणून तिने पैसे आल्यावर कोंबडा आरवेल अशी व्यवस्था केली आणि माझा नंबर पाटीवर लिहून पालखीला टांगला. पालखीचा पुढचा उजवा दांडा माझ्या खांद्यावर, फोन कोटाच्या खिशात. चौकात पालखी थांबली, पाद्री प्रार्थनेला लागले, सारा गाव मान खाली घालून उभा राहिला, आणि कोंबडा आरवला. मग पुन्हा आरवला. दांडा सोडता येईना. पाद्री डोळे न उघडता म्हणाले, "बाल्तझार, सांताला ऐकू येतं, कोंबड्याची गरज नाही." तिसऱ्यांदा आरवला तेव्हा ओतिलियाने माझ्या खिशात हात घातला, पडद्यावर पाहिले, आणि फोन बंद करण्याऐवजी माझ्या डोळ्यांसमोर धरला.

वीस युरो. एलादियो फोंताओं. खाली दोन ओळी: "यंदा नोटेची होडी करता आली नाही. गुडघा पूल ओलांडू देत नाही."

बंधू, गेली दहा वर्षे दर उत्सवात पालखीच्या फितीला वीस युरोंची नोट होडीसारखी दुमडून लावलेली असे. ती कोणा नावाड्याच्या विधवेची असावी असे मी सर्वांना सांगत आलो. (लहानपणी होड्या कोण दुमडत असे ते मला चांगले आठवते. तरीही मी विधवाच म्हणत राहिलो.) म्हणजे आपण दर वर्षी पूल ओलांडून आलात, माझ्या खांद्यापासून दोन हातांवर उभे राहिलात, टाचणी लावलीत आणि परत गेलात. टाचणीने लावलेल्या नोटेला नाव नव्हते. या नव्या सोयीने ते दाखविले. ओतिलिया म्हणाली, "काका, दांडा सांभाळा, सांता कलंडतेय." पालखी थोडी कलली होती, हे खरे. मी थकलो होतो. एवढेच.

सांताच्या वतीने वीस युरोंची ही लेखी पोच समजावी.

आपला,
बाल्तझार फोंताओं

ता. क. या फोनवरून पैसे पाठविल्याखेरीज मजकूर पाठविता येत नाही, असे मी समजलो. म्हणून "पोच" एवढा शब्द लिहून काल मी आपणास एक युरो पाठवावयास गेलो आणि शंभर गेले. बँक म्हणते, गेले ते गेले. परत देणे आपल्याच हाती आहे. ते फोनवरून परत पाठवू नयेत. रविवारी आपल्याकडील दोन वाजता (आमच्याकडील एक) मी स्वतः पूल ओलांडून घ्यावयास येईन.

ता. क. दुसरी. ओतिलिया विचारते, शंभर चुकून गेले की मुद्दाम. मी तिला कोंबड्याचा आवाज कमी करावयास सांगितले.

ता. क. तिसरी. तुमच्या तीरावरील खानावळीत वहिनींसह तिघांसाठी टेबल सांगून ठेवले आहे. नोटांचे पाकीट माझ्या खिशात आहे. दादा, तुझा गुडघा दुखतो. हात धुवायला उठू नकोस.