पहिल्या बोटीनं मधमाश्या

केरामोती,
१९ ऑगस्ट १९८७

प्रिय आर्गिरिसदादा,

तू, मेल्पोवहिनी आणि बाळ बरे असाल. आम्ही बरे आहोत. बाबा जरा दमतात, बाकी ठीक. कॉफीच्या दुकानातून फोन केला असता, पण तिथं अख्खं गाव पत्ते टाकून कान देऊन बसतं आणि माझं तर तोंडच उघडत नाही. म्हणून पत्र. बोटीवर दोर टाकणारा स्ताथिस तुला आणून देईल.

काम असं आहे. इकडची सूर्यफुलं संपली. बाबा म्हणतात यंदा माश्यांच्या साठही पेट्या तुमच्या बेटावर न्यायच्या, पाइनच्या मधासाठी. वहिनीच्या वडिलांचा डोंगरउतार मोकळा आहे ना? पाणी जवळ आहे का, ट्रक वरपर्यंत चढतो का, सगळं कळव. बाबांनी तुला विचारायला सांगितलेलं नाही. नुसतं म्हणाले, "जागा बघ." आता थासोसला जागा म्हणजे तुझीच, हे त्यांनाही माहीत आहे.

बोटीचं विचारायला स्ताथिसकडे गेले. धक्क्यावर इतक्या चकरा मारल्या, तेव्हा कुठे आवाज फुटला. तर तो म्हणतो, "पोरी, तिकीट माणशी असतं. तुझ्या या लाखभर बायकांचं कोण भरणार?" सगळे हसले. मी लाल. मग नीट बोलला. पहाटेच्या पहिल्या बोटीनं या, म्हणाला, ट्रक सगळ्यात शेवटी चढवायचा, म्हणजे तिकडे पहिला उतरेल. मागे कुणाच्या तरी पेटीला फट राहिली होती, तर पाद्रीबाबा झगा डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर पळाले, आणि शिव्या अशा दिल्या की खलाशांनी शिकून घेतल्या म्हणे.

वारा सुटला तर बोट सुटत नाही. तेवढंच डोक्यात फिरत राहतं. उठल्या उठल्या झाडांचे शेंडे बघते. काम करताना पण बघते.

लवकर कळव.

तुझी
गारिफालिया


२७ ऑगस्ट

दादा,

तुझा निरोप स्ताथिसनं दिला. धक्क्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "जागा आहे म्हणाला. पण म्हाताऱ्यानं स्वतः येऊन मागावी." संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर गेलंच. म्हणाले, "मागायला जातो का मी! माझ्या माश्या घेऊन जातो, बस."

तुझं बरोबर असेल. तुझ्या लग्नाला ते आले नाहीत, मलाही येऊ दिलं नाही. पण त्यांनी यायला नको, दादा. दमतात लिहिलं होतं ते खोटं.

जुलैत त्यांना मानेवर माशी चावली. एकच. ज्या माणसानं जन्मात हातमोजे घातले नाहीत त्याला. मी धुराचा डबा धरून शेजारीच होते. आधी ओठ सुजले, मग अंगभर गांधी उठल्या, मग ते पेट्यांच्या मधे खाली बसले आणि आडवे झाले. ट्रक मी चालवला. कसा ते विचारू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगाला आता ते विष सोसत नाही, जुन्या मधवाल्यांनाही होतं असं कधी कधी. पुढची माशी शेवटची ठरू शकते. तर बाबा खाटेवरून म्हणतात, "हे शहरातल्या बायकांचे आजार." गावात कुणाशी बोलणार नाही म्हणून माझा हात क्रॉसवर ठेवायला लावला.

तेव्हापासून पेट्या मीच बघते. ते कुंपणाबाहेरून ओरडतात. लांबवर उभे राहतात, पण उभे राहतातच.

पण ट्रक तेच चालवणार म्हणतात. मी सोळाची, लायसन नाही, आणि धक्क्यावर बंदराचा पोलीस असतो. बोट वेळेवर सुटली तर निभेल. वाऱ्यानं अडली तर? ऊन चढलं की बंद पेट्यांत माश्या भाजून मरतात. तिथंच दारं उघडावी लागतील, आणि कोंडलेल्या माश्या कशा बाहेर येतात ते तुला माहीत आहे. मी म्हणेन, मरू देत. ते नाही म्हणणार. ते गाडीतून उतरतील.

जागा मी मागते. त्यांनी मागितली असं समज. आणि तू ये, ट्रक तू चालव.

अजून एक, लिहू की नको कळत नाही. तू गेलास आणि धुराचा डबा धरायला कुणी राहिलं नाही, म्हणून मी शाळा सोडली. तुला वाटत असेल मला आवडत नव्हती. आवडायची. रागावून नाही सांगत. थोडं रागावून.

गारिफालिया


५ सप्टेंबर

दादा,

तुझा काहीच निरोप नाही. स्ताथिस माझं तोंड बघून लांबूनच मान हलवतो.

बाबांनी ठरवलं. गुरुवारी पहिली बोट.

काल जेवताना मी बोलले. घेवड्याचं सूप होतं. ताटलीकडे बघतच बोलले, पण बोलले. "बाबा, तुम्ही यायचं नाही."

"मग कोण चालवणार? तू?"

"दादा."

"त्याला बोलावलंस?"

"हो."

"सगळं सांगितलंस?"

"बोलले नाही. लिहिलं."

वाटलं आता ताटली भिंतीवर जाणार. ते उठून अंगणात गेले. ट्रकचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला. सूप पार गार झालं. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "दुसरा गिअर निसटतो. दाबून धरावा लागतो. त्याला माहीत नसेल."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना."

"आधी येऊ तर दे. तू लिही त्याला, लिया."

म्हणून लिहिते. बुधवारी संध्याकाळच्या बोटीनं ये. धक्क्यावर मी नसेन, लोक बघतात. थेट घरी ये. अंधार पडला, माश्या आत परतल्या की पेट्या बंद करायला दोन माणसं लागतात.

तू नाही आलास तर गुरुवारी ते स्टिअरिंगवर बसतील आणि मी शेजारी. मला जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोलून झालं.

तुझी, आणि त्यांचीही,
लिया