टोपीतला सुटलेला टाका

आई, वाकून नमस्कार.

कानटोपी पोचली. माप तांब्यावरच घेतलंस ना? तुझ्या नातीचं डोकं आता त्या तांब्याच्या मापात मावत नाही. मी कड उसवून चार बोटं पट्टी जोडली. नाड्या गळ्याला आवळतील म्हणून काढल्या आणि बटण लावलं. आता कान झाकतात. थंडी फार नाही, नाक लाल होतं इतकंच.

उसवताना सुटलेले टाके दिसले. तुझा टाका कधी सुटत नसे. बाबांना घेऊन डोळे दाखवून ये, टाळाटाळ नको.

सगळे टाके उचलले, मागचा एक राहिला. त्या भोकात बोट घालूनच बाईसाहेब झोपतात. काल भरायला घेतला तर म्हणाली, "राहू दे, ते आजीनं केलंय."

तुझी,
धाकटी