एकोणीसचा आकडा

प्रिय बाबा,

पाकीट हातात पडल्या पडल्या तुम्ही ते उजेडासमोर धरून पाहिलं असेल, म्हणून आधीच सांगते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, गाढ झोपते आणि नोकरीवरून मला कोणी काढलेलं नाही. रोज फोनवर बोलत असताना ही पोरगी पत्र कशाला लिहीत बसली, ते शेवटी सांगेन. पण आधी शेवटचं पान उलटू नका, तुम्हाला ती खोड आहे.

परवा फोनवर तुम्ही हुकूम सोडलात की महिनाअखेरीस तुम्ही येणार, ती मोठी निळी बॅग रिकामी आणणार आणि माझं सामान तिच्यात भरून मला घरी घेऊन जाणार. मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलातही. तुमचं म्हणणं असं की मुलगी परक्या गावात एकटी, दिवसभर लोखंडी नळ्यांशी झटापट, आणि आवाज तर रोज उतरलेला. हे आवाज उतरल्याचं प्रकरण दोन वर्षं चाललंय. आई होती तेव्हा फोनवर ती बोलायची आणि तुम्ही मागून फक्त पैसे आहेत का तेवढं विचारायचात. ती गेली आणि फोन तुमच्या हातात आला. तेव्हापासून मी हॅलो म्हटलं की तुमचं ठरलेलं, आवाज उतरलाय गं तुझा. त्या बॅगेबद्दल मला बोलायचंच आहे. पण त्याआधी आमच्याकडे काय घडलं ते ऐका, कारण त्यात तुमचा हात आहे आणि सगळं श्रेय मी एकटीनं लाटणं बरं नाही.

तुम्ही आत्याला सांगता की पोरगी पोकळीत काम करते, आणि ते अशा काही सुरात सांगता की आत्या मला फोन करून विचारते, बाई, तिथं जेवायला तरी मिळतं ना. पोकळी या शब्दावर तुमचा राग का आहे ते मला माहीत आहे. आईच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी लागोपाठ सांगितलं की तिच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. तिसऱ्याच्या वेळी तुम्ही उठून बाहेर गेलात. मला रडता रडता वाटलं होतं की यांना किती सोपं वाटतंय. आम्हाला प्रयोगशाळेत बादलीएवढी पोकळी करायची तर हवा उपसणारे पंप आठवडाभर घरघरत बसतात, आणि तरी ती पुरती होत नाही ती नाहीच. इथं सगळे मला पोकळेबाई म्हणतात. नव्या शिपायाला ते माझं खरंच आडनाव वाटतं, आणि मी त्याची समजूत दुरुस्त केलेली नाही.

ती पुरती का होत नाही, हेच माझं काम आहे. भांड्यातली हवा उपसून काढली तरी त्याच्या भिंतीला वायू चिकटून बसलेले असतात, घासूनपुसून लख्ख केलेल्या पोलादावरसुद्धा. आमच्या मोठ्या यंत्राच्या नळीतून कणांचा झोत धावू लागला की त्याच्या प्रखर उजेडाचा मारा भिंतीवर होतो, आणि इतके दिवस मुकाट बसलेले हे वायू भिंत सोडून नळीत उतरतात. काही नुसते सुटतात, काही अंगावर विद्युतभार घेऊनच उडी मारतात, त्यांना आयन म्हणायचं. मग वाटेत गर्दी होते आणि झोत विस्कटतो. म्हणून नळी बसवण्याआधी तिचा एक तुकडा माझ्याकडे येतो. मी त्याच्यावर मारा करते आणि काय काय सुटतं ते मोजते. सुरुवातीला भसाभस सुटतं, मग हळूहळू कमी होत जातं, सतरंजी झोडपावी तसं. पहिल्या दणक्याला धूळ, दहाव्या दणक्याला नुसता आवाज. मला हे काम फार आवडतं, बाबा. सकाळी जिना चढताना मी गुणगुणत असते आणि खालच्या मजल्यावरचे लोक दार लावून घेतात.

काय सुटलं हे ज्यावर कळतं त्याला आम्ही काटा म्हणतो. त्याच्या आत एक तापलेली तार असते आणि बारीक जाळीचा पिंजरा. तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन वायूला धडकतात, वायूवर भार चढतो, मग काटा ज्याला त्याला वजनाप्रमाणे वेगळं करतो आणि पडद्यावर उभे दांडे काढतो. दोनवर हायड्रोजन, अठरावर पाणी, अठ्ठावीसवर कार्बन मोनॉक्साइड. हे आमचे रोजचे पाहुणे. यंदा नव्या नळीचा तुकडा आला आणि एकोणीसच्या आकड्यावर दांडा उभा राहिला. एकोणीस म्हणजे फ्लोरीन. आमच्या भांड्यात फ्लोरीन म्हणजे लग्नघरात पोलीस.

पहिला संशय धुलाईमास्तरांवर. भांड्यात जाणारा प्रत्येक भाग हे गृहस्थ आधी धुऊन देतात, आणि बोट लागू नये म्हणून स्वतःच्या मुलालाही जपलं नसेल इतकं जपतात. त्यांनी काय वापरलं, हातमोजे कुठले घातले, अशी उलटतपासणी झाली. ते रुसले आणि डबा एकटे खाऊ लागले. मग आम्ही भांड्याच्या सांध्यांतल्या रबरी कड्या बदलल्या. मग अख्खं भांडं उघडलं, धुतलं, तापवलं, पुन्हा बसवलं. एकोणीस जागच्या जागी. तुकड्यावरचा मारा बंद केला, तरीही आहेच. शेवटी या नव्या नळीनंच भांडं बाटवलं असं ठरलं, आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, नळ्यांची सगळी खेप परत पाठवायला निघाल्या. वर्षाचं काम पाण्यात जाणार होतं.

त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं कळलं. आठवतोय ना तो फोन? मी काट्यासमोर उभी राहून अक्षरशः ओरडत होते, मागे मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या, धुलाईमास्तर रुसवा तेवढ्यापुरता सोडून केक आणायला धावले होते. तुम्ही शाबास म्हणालात, घसा खाकरलात, आणि म्हणालात, पण आवाज उतरलाय गं तुझा. मला हसूच आवरेना. सर्दी झाली तेव्हा उतरलेला, पगार वाढला तेव्हा उतरलेला, मैत्रिणींबरोबर पोहायला शिकून आले तेव्हाही उतरलेला. मी काहीही करावं, बाबांचं माप काडीभर हलत नाही. मग ते माप माझं असेलच कसं? हे मनात आलं तेव्हा माझी नजर समोरच्या पडद्यावर होती, आणि तिथं एकोणीसचा दांडा तस्साच उभा होता. तुम्ही फोनवर हॅलो हॅलो करत होतात आणि मी ठेवते म्हणून फोन ठेवूनच दिला, त्याचं कारण हे. तुम्हाला वाटलं मला रडू आलं.

मला आपल्या दुकानातलं ते उंच स्टूल आठवलं. शाळेला निघायला तासभर लावते म्हणून तुम्ही मला गोगलगाय म्हणायचात, पण शाळा सुटल्यावर त्या स्टुलावर मी वाऱ्यासारखी येऊन बसायची. कोणी खरखरणारा रेडिओ घेऊन आलं आणि स्टेशनच्या नावानं खडे फोडू लागलं की तुम्ही आधी एरियल काढायचात. एरियल काढूनही खरखर तेवढीच राहिली तर ती स्टेशनची नाही, सेटची. मी पंपाची झडप अर्धी मिटली. भांड्यात वायू दाटले, तसे दोन, अठरा, अठ्ठावीस सगळे सरसर वाढले. एकोणीस ढिम्म. तो खरोखर भांड्यातला असता तर इतरांबरोबर वाढला असता. कधीकाळचं फ्लोरीन काट्याच्या स्वतःच्याच जाळीला चिकटून बसलं होतं, आणि बाहेरचं मोजायला निघालेले इलेक्ट्रॉन जाळीवर आदळून तेच उडवत होते. काटा स्वतःच्या अंगातलं मोजत होता आणि आम्ही धुलाईमास्तरांना नावं ठेवत होतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मग मी जाळी चांगली लालबुंद होईपर्यंत तापवली, तापवत ठेवली, आणि एकोणीस हळूहळू खाली बसला. खेप वाचली. मोठ्या बाईंनी धुलाईमास्तरांची सगळ्यांदेखत माफी मागितली आणि ते आता पुन्हा आमच्यात बसून आमच्या डब्यातलं चोरतात. काटा मोडीत काढायचा का, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, मुळीच नाही. तो खराब नाही, फार हळवा आहे, इतकंच.

आता हे पत्र का, ते सांगते. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही शब्द ऐकलेच नसते, आवाज तेवढा ऐकला असता. कागदाला आवाज नसतो. म्हणजे एरियल मी काढलाय, बाबा. एवढं वाचूनही तुम्हाला मी उदास वाटत असेन तर ती खरखर सेटची आहे. मला आत्यानं सगळं सांगितलंय. तुम्ही अजून दोन माणसांचा स्वयंपाक करता आणि उरलेलं संध्याकाळी उभ्यानं खाता. दुकानात तीन रेडिओ एकदम लावून बसता, कारण घरी कोणी बोलत नाही. एकटी मी पडलेली नाही, एकटे तुम्ही पडलात. आवाज तुमचा उतरलाय, आणि मला तो रोज ऐकू येतो. आई तुमच्या अंगात मुरलेली आहे, ती मुरलेलीच राहू दे, मलाही ती तिथंच सापडते. फक्त जरा ऊब हवी, माणसांत बसायला हवं. तेव्हा महिनाअखेरीस जरूर या, मी गाडीवर घ्यायला येते. पण मी परत येणार नाही, बाबा. तुम्ही इथं राहायला या, दुकानाची फारच आठवण येईपर्यंत, आणि नाहीच आली तर कायमचे. खिडकीजवळच्या टेबलावर तुमची हत्यारं मावतील. धुलाईमास्तरांकडे एक बंद पडलेला रेडिओ आहे आणि ते तुमची वाट बघतायत. कपाटाचे खालचे दोन कप्पे मी रिकामे करून ठेवलेत, एवढी एक पोकळी मी मुद्दाम केली आहे. ती निळी बॅग रिकामी आणू नका. तुमच्या कपड्यांनी भरून आणा.

तुमचीच,
गोगलगाय