काकांचं 'सेम'

मंगळवार, जानेवारी १९९७, नेपरव्हिल

डोकं उठलंय आज. मेडिकेअरची, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याची, बिलं तपासणारी कंपनी बदलली आणि नव्या लोकांनी डॉक्टरकाकांच्या घरभेटींचं ऑडिट काढलं. मी काकांचा ड्रायव्हर, दहावी नापास, पण एका शब्दावर बिल पास होत नाही, एवढं मलाही कळतं. पेशंटला बघून आले की काका कारमध्ये बसून फाइलवर एकच शब्द लिहितात, 'सेम'. जुन्या कंपनीला चालायचं. नवे विचारतात, सेम होतं तर गेलातच कशाला?

"काका, दोन ओळी जास्त लिहायच्या ना यार!"

"यार कोणाला म्हणतोस रे? ऑडिट मिटेपर्यंत भेटी कॅन्सल कर."

फोन मलाच करावे लागले. हृदयाच्या पेशंट हेलनआजी एकट्या राहतात, घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी उलट मलाच विचारलं, डॉक्टर आजारी आहेत का? मी तब्येत विचारली तर म्हणाल्या, सेम.

मी काकांना तसंच सांगितलं. ते एकदम चिडले.

"फोनवर सगळे सेमच म्हणतात. पाय दाबून बघितल्यावर कळतं, सूज किती चढलीय ते. काढ गाडी."

बर्फात गाडी काढली. पण हेच फाइलवर लिहायला काय झालं होतं, काका?