मटकी भिजवण्याचं शहाणपण

फणसवाडी, बुधवार, फेब्रुवारी १९५८

निवृत्त झाल्यापासून शब्दकोश चाळते. आज त्यात जुना इंग्रजी शब्द सापडला, ‘फोरविट’. पुढचं आधीच ओळखणारं शहाणपण. कॉन्व्हेंटात नन्सनी ‘प्रूडन्स’, सावधपणा, तेवढा शिकवला. म्हणजे मुलींनी तोंड बंद ठेवायचं! माझ्यावर फुकट गेला.

फोरविट होतं ते यांच्याकडे. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ जाहीर झाला, की हे आधी मटकी भिजवायचे. बाजार बंद, तरी आमच्याकडे मोडाची उसळ.

आत्ताच शेजारची सुमन दारातून ओरडली, “मावशी, परवा बंद हो! भाजीचं काय?”

“मटकी भिजवलीय.”

“अगदी काकांसारखं!”

बघितलं, तर मटकी दोघांपुरती भिजवलेली. एवढं पुढचं सुचायचं ना तुम्हाला? मग जाताना मला निदान विचारायचं तरी होतं!