लायल हॅस्केटच्या पिस्तुलातली नळी

मी, व्हर्लिन ओडेगार्ड, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा बंदूकदुरुस्ती, राहणार टिंबर फोर्क, राज्य वायोमिंग, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. फुप्फुसं कामातून गेली आहेत, नाकाला ऑक्सिजन लावलेला आहे, अक्षर वाकडं येतं. पण काय लिहितो आहे ते मला नीट कळतं. मला कोणी दटावलेलं नाही की फितवलेलं नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत सगळं होतं, फक्त खरं नव्हतं.

कलम १. माझं दफन पत्नी लोर्ना हिच्या शेजारी करावं. पाद्रीबुवांनी पाच मिनिटांच्या वर बोलू नये. मी भला माणूस होतो असं तर अजिबात म्हणू नये. का, ते कलम ५ मध्ये आहे.

कलम २. राहतं घर, मागची तीन एकर जमीन आणि पाटाच्या पाण्याचा हक्क माझी मुलगी ट्वायला हॅस्केट हिला. लोर्ना गेल्यापासून ट्वायला रोज सकाळी साडेसहाला येते, कॉफी ठेवते, अंडी तळते, माझी औषधं काढून ठेवते आणि मग शाळेची बस चालवायला जाते. एक दिवस चुकलेली नाही.

कलम ३. लेथ, ड्रिल आणि कानशींचा खण पुतण्या गॉर्डन याला. त्याला कानस धरता येत नाही, पण दुसरं आहे कोण? मेहुणा अल्बर्ट याने एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली नेलेला मोठा पाना आजतागायत परत दिलेला नाही. तो पाना मी त्यालाच देऊन टाकतो. मनाला टोचणी असलीच तर संपेल.

कलम ४. बँकेत जे उरेल ते गावच्या आगीच्या बंबवाल्यांना.

कलम ५. हे कलम वकीलबाईंनी मोठ्याने वाचावं. एक ओळही गाळू नये.

लायल हॅस्केट माझा जावई. त्याच्याकडे दहा मिलिमीटरचं पिस्तूल होतं, अस्वलासाठी. सप्टेंबरात एल्कच्या, म्हणजे मोठ्या सांबरासारख्या हरणाच्या, शिकारीला डोंगरात जाणारा आमच्याकडचा प्रत्येक माणूस तसलं काहीतरी कमरेला लावतोच. दहाची काडतुसं महाग, म्हणून सरावापुरती मी त्याला पॉइंट चाळीस इंची, आमच्या बोलण्यात चाळीसची, नळी आणून दिली होती. दोन्ही काडतुसं जाडीला सारखी, पण दहाचं लांब आणि चाळीसचं आखूड. वरचा सरकता भाग उतरवायचा, नळी बदलायची, परत चढवायचा. एक बशी विसळायला लागतो तेवढा वेळ. मात्र चाळीसची नळी आत असताना दहाचं काडतूस घातलं तर ते पुरतं बसत नाही. सरकता भाग जरासा उघडाच राहतो, आणि मग चाप कितीही ओढा, बार होत नाही.

म्हणून माझ्या दुकानाचा नियम होता. नळी बदलली की मुठीला लाल टेप. मूळ नळी परत बसल्याशिवाय टेप काढायची नाही. पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला हा नियम मी घोकून घेऊन शिकवला आहे.

सन २००३, सप्टेंबरातला शुक्रवार. ट्वायलाने दुपारी त्या पिस्तुलाने सराव केला आणि ते दुकानात आणून दिलं. मुठीला टेप होती. म्हणाली, "बाबा, साफ करा आणि दहाची नळी घाला. लायल उद्या पहाटे वर निघतोय." दारातून वळून पुन्हा म्हणाली, "नळी तेवढी विसरू नका हं." मी म्हणालो, "मला शिकवतेस?"

मूठ चिकट झाली होती म्हणून मी टेप काढली आणि पुसायला घेतलं. तेवढ्यात शेजारचा हार्लन टाइस पाटाच्या पाण्याची पाळी चुकली म्हणून भांडायला आला. अर्धा तास आम्ही एकमेकांची उणीदुणी काढली. तो गेल्यावर परत आलो तो रागाने फणफणत. मुठीवर टेप दिसली नाही. म्हणजे काम झालं, असं धरलं. नळीवर आकडा कोरलेला असतो, मान वाकवली असती तर दिसला असता. वाकवली नाही. दहाच्या काडतुसांचं मॅगझिन चढवलं आणि पिस्तूल लायलच्या हातात दिलं. घोड्यावर असताना नळीत काडतूस ठेवायचं नाही ही हॅस्केटांच्या घरची रीत, म्हणून त्यानेही काही बघितलं नाही.

रविवारी त्याने मारलेल्या एल्कपाशी पिलं बरोबर असलेल्या ग्रिझली अस्वलिणीने त्याला गाठलं. बरोबरचा माणूस पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

शिकार खात्याचा अधिकारी पिस्तूल घेऊन घरी आला. नळीच्या तोंडाशी अडकलेलं काडतूस तसंच होतं. त्याने विचारलं, "व्हर्लिन, हे तुझ्या दुकानात आलं होतं का?" ट्वायला समोरच बसली होती. मी म्हणालो, "साफ करायला आलं होतं. नळीला मी हात लावला नाही. तसं मला कोणी सांगितलंही नव्हतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं असं मला वाटत होतं." आणि अधिकाऱ्याकडे वळून म्हणाली, "मीच विसरले असेन."

त्या दिवशी एकदाच खोटं बोललो आणि मग सोळा वर्षं ते पाळलं. लायलची आई डेल्फीन हिने दफनाच्या वेळी ट्वायलाचा हात झिडकारला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या पोराला अस्वलाने नाही मारलं." त्यानंतर ट्वायला चर्चमध्ये गेली नाही, तिने दुसरं लग्न केलं नाही. गेल्या वर्षी कॉफी ओतताना मला म्हणाली, "बाबा, तुम्ही एकट्यानेच मला कधी बोल लावला नाहीत." ती कॉफी मी प्यायलो. माझी मलाच किळस येते.

हार्लन मरेपर्यंत मी त्याच्यावर डूख धरला होता, जसं काही पिस्तूल त्याने दिलं. त्याचा काही दोष नव्हता.

पुरवणी. वरचं लिहून झाल्यावर वकीलबाईंनी विचारलं, "हे तुमची मुलगी तुमच्या मागे ऐकणार?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "सोयीचं आहे." तो शब्द लागला. रविवारी ट्वायलाला बसवलं आणि कलम ५ वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "मी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस."

"दोनदा?"

"दोनदा."

"मला आठवत होतं, बाबा. दारात उभी होते तेही आठवत होतं. आणि तुम्ही म्हणालात म्हणून मी ते खोटं मानलं. सोळा वर्षं वाटतंय, माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे." ती रडली नाही. हात पुसून म्हणाली, "मला घर नको. साक्षीदार दोन लागतात ना? एक सही डेल्फीनची घ्या. तिला समोर बसवून वाचा, तुमच्या तोंडाने." त्यानंतर ती सकाळची आलेली नाही. घराची तरतूद मी तशीच ठेवतो. राहायचं की पेटवून द्यायचं ते तिने ठरवावं.

आज डेल्फीनला वकीलबाई घेऊन आल्या. ट्वायला बाहेर अंगणात गाडीत बसली. मी वाचलं. डेल्फीन म्हणाली, "टेपचं परत वाच." परत वाचलं. मग तिने विचारलं, "म्हणजे मरताना लायलला काय वाटलं असेल? बायको विसरली, असंच ना?"

मी कागद खाली ठेवला.

"त्या पोरीच्या हातचं पाणी घेतलं नाही रे मी," ती म्हणाली आणि काठी घेऊन बाहेर गेली. गाडीची पायरी तिला चढवेना. ट्वायला उतरली, वळसा घालून आली आणि तिला उचलून आत बसवलं. दोघी बऱ्याच वेळाने परत आल्या. ट्वायला उंबऱ्याबाहेरच थांबली आहे. डेल्फीन पेन मागते आहे.

स्थळ: टिंबर फोर्क, वायोमिंग
दिनांक: २२ ऑक्टोबर २०१९

सही: व्हर्लिन ओडेगार्ड

साक्षीदार पहिला: डीन कॅसवेल, टपालवाला, शेजारी. सही.

साक्षीदार दुसरी: डेल्फीन हॅस्केट, वय ८४. सही.
(सहीखाली तिच्या अक्षरात) सही करताना व्हर्लिन पूर्ण शुद्धीवर होता, एवढीच माझी साक्ष. त्या अधिकाऱ्यासमोर बसला होता तेव्हाही तो शुद्धीवरच होता. हेही नोंदवून घ्यावे.