काढून टाकलेला आवाज

११ नोव्हेंबर, सोमवार

चकलांब्यात पोचलो. टेम्पोत सामान थोडं आणि अम्मीनं बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरण्याच जास्त. फिरोजची बदली इथल्या शाळेत झाली म्हणून सगळे हळहळले. मी मात्र मनातून खूश आहे. बीडला आमच्या घरासमोर तीन गॅरेजं. पत्र्यावर हातोडा पडला की माझं वाक्य वाया. वर्षभर मी घरी बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, त्यातलं अर्धं वर्ष हातोडा थांबायची वाट बघण्यात गेलं.

इथं आमची सगळी गल्ली रिकामी. दिवाळी झाली, ट्रक आले, माणसं ऊसतोडीला गेली. दारोदार कुलपं. घरमालकीण साखराबाई तेवढ्या मागं राहिल्यात. मुलं, थोरली सून, सगळे कारखान्यावर. मी त्यांना मावशी म्हणते. मागच्या बाजूला धान्याची खोली आहे, बिनखिडकीची. रेकॉर्डिंगसाठी मागितली. मावशींनी आधी दाराची कडी चाचपली. मग म्हणाल्या, घे की, रिकामीच हाय.

१३ नोव्हेंबर

दोन दिवस खोली लावण्यात गेले. टाळी वाजवली की आवाज घुमायचा. मावशींकडून जुन्या वाकळी मागून आणल्या आणि चारही भिंतींवर टांगल्या. दाराला आतून गादी. टेबलाचा धक्का माइकला बसू नये म्हणून खाली चादरीच्या घड्या. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. मोबाइल पुढच्या घरात ठेवायचा, नाहीतर माइकमध्ये त्याची खरखर येते. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिजही बंद. बीडला एकदा त्यात दूध नासलं, त्यावरून बोलणी खाल्ली.

फिरोजना अंगणात उभं केलं आणि मी आतून बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यांना काही ऐकू गेलं नाही. दोघं पोट धरून हसलो.

१९ नोव्हेंबर

पहिलं प्रकरण परत आलं. पुण्याहून काम बघणाऱ्या मंजुषाताईंचा फोन होता. वाचन छान झालंय म्हणाल्या, पण मागं काहीतरी सरकतंय, कापडावर हात फिरवावा तसं. उंदीर असेल म्हणून सगळी खोली झाडली. उंदीर नाही. उंदरानं खावं असं काही तिथं नाहीच.

ताईंनी एक उपाय सांगितला. आधी अर्धं मिनिट काही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करायची. ते मशीनला, म्हणजे लॅपटॉपला, दाखवायचं, की हा गोंगाट. मग मशीन सगळ्या वाचनातून तेवढंच वजा करतं.

२२ नोव्हेंबर

प्रकरण पास! ताई म्हणाल्या, आता आवाज धुतल्यासारखा येतोय. फिरोज येताना जिलेबी घेऊन आले. मावशींना दिली तर त्यांनी खाल्ली नाही, पदरात बांधून ठेवली.

२६ नोव्हेंबर

एक गोष्ट खटकते आहे. मी श्वास रोखून बसते त्या अर्ध्या मिनिटात पडद्यावरची रेघ सरळ राहायला हवी. ती रोज थोडी जास्त हलते. आज तर उड्या मारत होती.

मशीनमध्ये अशीही सोय आहे की जे काढून टाकलं, तेवढंच ऐकता येतं. आजवर कधी ऐकलं नव्हतं. आज हेडफोन लावले. आधी नुसती घरघर. मग बाईचा आवाज, अगदी बारीक, माइकच्या जवळ.

“हाय का कुनी?”

२७ नोव्हेंबर

फिरोजना ऐकवलं. त्यांचा चेहरा उतरला. गल्लीतलं कुणी असेल म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. सामान आजच स्वयंपाकघरात आण, असा हट्ट धरला. दोन प्रकरणं राहिलीत, स्वयंपाकघरात आवाज घुमतो, असं मी म्हटलं. भांडण झालं.

ते शाळेत गेल्यावर त्या अर्ध्या मिनिटांचे जुने सगळे नमुने काढले. ती पहिल्या दिवसापासून आहे. मी गप्प बसायची आणि ती बोलायची. पाणी मागायची. आणि मी रोज मशीनला सांगायची, हा गोंगाट आहे, पुसून टाक.

२९ नोव्हेंबर

मावशींना हेडफोन दिले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्यावरून हात फिरवत बसल्या. मग आपण होऊन सांगू लागल्या.

धाकटी सून, मंगल. चार वर्षांपूर्वी तिचं बाळ गेलं आणि ती भ्रमल्यासारखी झाली. उठायची आणि विहिरीकडे चालू लागायची. तोडीचे दिवस आले, नवरा ट्रकमध्ये बसून गेला, ती मावशींच्या जिवावर राहिली. एका सकाळी धर्मापुरीहून निरोप आला, मावशींचा भाऊ वारला. संध्याकाळपर्यंत परतायचं म्हणून त्यांनी मंगलला धान्याच्या खोलीत बसवलं, तांब्याभर पाणी ठेवलं, बाहेरून कडी घातली. तिकडे तिसऱ्याच्या विधीपर्यंत राहावं लागलं.

“मला वाटलं, वरडंल तर कुनीतरी ऐकंल,” मावशी म्हणाल्या. “पर गल्लीत कुनी न्हवतंच.”

तापानं गेली, असं सगळ्यांना सांगितलं. मुलालासुद्धा.

१ डिसेंबर

वाचन होत नाही. आता ती माझ्या वाक्यांच्या खालून बोलते. मी थांबले तरी ती थांबत नाही. पुसलं तर माझाच आवाज पुसला जातो, तिचा राहतो.

मंजुषाताईंना कळवलं, हे पुस्तक माझ्याकडून होणार नाही.

३ डिसेंबर

फिरोज प्रशिक्षणाला नाशिकला गेले, शुक्रवारी परत. जाताना म्हणाले, अम्मीकडे जा. मी रागात पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेले. पण जाणार आहे. उद्या वाकळी उतरवते, माइक बांधते आणि जाते. अम्मीला कळवलं नाही. अचानक दारात उभी राहीन.

४ डिसेंबर

मावशी दहाच्या गाडीनं लेकीकडे गेवराईला गेल्या. मी फाट्यापर्यंत पोचवून आले. गाडी सुटेपर्यंत माझा हात सोडत नव्हत्या.

परत येऊन खोलीत शिरले. पहिली वाकळ उतरवली आणि मागं दार लागलं. वारा नव्हता. मग बाहेरून कडी सरकली. हळू. सवयीच्या हातानं घालावी तशी.

वही इथंच होती, म्हणून लिहिते आहे. मोबाइल पुढच्या घरात, त्याच्याशिवाय लॅपटॉपला नेट नाही. दाराची गादी फाडून काढली. ओरडले. लाथा घातल्या. दार सागवानी.

दुपार असावी.

बल्ब गेला. लॅपटॉपच्या उजेडात लिहिते. घसा बसलाय. फिरोज फोन करतील — मी उचलला नाही तर अजून रागात आहे, असंच समजतील. अम्मीला वाटतंय मी इथं आहे. मी इथंच आहे.

शुक्रवार म्हणजे — परवा.

रेकॉर्डिंग सुरू केलं. मागाहून कुणी ऐकलं तर कळावं. पडद्यावर दोन रेघा. मी ओरडले तरी माझी जवळजवळ सरळ. दुसरी —

माइक एकच आहे.

हेडफोन काढले. आवाज तरी येतोय. डाव्या बाजूनं. वाकळ हलते —

तिच्या आवाजात राग नाही. समजूत घालते आहे. म्हणते, वरडू नगं बाई. म्हणते, मी बी लई वरडले. म्हणते, तिसऱ्या दिशी घसा दुखायचा थांबतो, मंग